हृदय नसलेली कोंबडी आणि रब्बींची उत्तरं

अठराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट, जर्मनीतल्या हांबुर्ग-आल्टोना भागातली. एका ज्यू घरात पोरीने कोंबडी साफ करायला घेतली, पोट फाडलं, आतलं सगळं बाहेर काढलं आणि बघते तर हृदयच नाही. शेजारी मांजर टपून बसलेलं. पोरगी म्हणते मी मांजराला काहीही टाकलेलं नाही. आता ज्यू धर्मकायद्यात जनावराचा असा महत्त्वाचा अवयव मुळातच नसेल तर ते मांस खायला चालत नाही, म्हणजे अख्खी कोंबडी वाया. गावातले काही विद्वान म्हणालेही, नाही चालणार, टाकून द्या. मग प्रकरण गेलं हाखाम झ्वी अश्केनाझी नावाच्या मोठ्या रब्बींकडे (रब्बी म्हणजे ज्यू धर्मपंडित). ते म्हणाले हृदयाशिवाय कुठलाही जीव क्षणभरसुद्धा जगू शकत नाही, ही कोंबडी तर चांगली धडधाकट वाढलेली, म्हणजे हृदय होतं, पोरीचं लक्ष नव्हतं आणि मांजराने ते पळवलं. बिनधास्त खा. आणि साक्षीदार येऊन सांगू लागले की मांजराने काही नेलं नाही, तरी मी म्हणेन साक्षीदार खोटे!

हे इथेच संपलं असतं तर गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण नाही. बाकीचे रब्बी तुटून पडले, पत्रांवर पत्रं गेली, पुढे योनातान आयबेशुट्झ नावाच्या तितक्याच तगड्या विद्वानाने मुद्दा काढला की हृदयाचं काम दुसरा एखादा अवयव करत असेल आणि तो दिसायला हृदयासारखा नसेल, असं कशावरून नाही? एका कोंबडीवरून निसर्गाचे नियम मोठे की साक्षीदाराची साक्ष मोठी, इथपर्यंत वाद. आणि हे सगळं लिहून ठेवलंय, छापलंय, आजही विद्यार्थी त्यावर डोकी फोडतात.

हा जो प्रकार आहे, म्हणजे कुणीतरी धर्मकायद्याबद्दल प्रश्न लिहून पाठवायचा आणि रब्बीने कारणांसकट लेखी उत्तर द्यायचं, त्याला हिब्रूत शेएलोत उतशुवोत म्हणतात, शॉर्टमध्ये शूत. मुसलमानांमध्ये फतवा असतो त्याच्याशी बरंच नातं सांगणारा प्रकार (फतवा हा शब्द आपल्याकडे उगाच धमकी म्हणून वापरतात, मूळ अर्थ मत किंवा उत्तर एवढाच, पण ते असो). मी ज्यू नाही, हिब्रू मला येत नाही, मी सगळं भाषांतरातून आणि इतिहासकारांच्या पुस्तकांतून वाचलेलं आहे, पण एकदा वाचायला लागलं की सुटत नाही बुवा. कारण कायद्याची पुस्तकं सगळीकडे रुक्षच असतात, आणि इथे प्रत्येक पानावर कुणाच्या तरी घरातलं भांडण नाहीतर अडचण असते.

सुरुवात कुठून झाली तर इराकमधून. सुरा आणि पुंबेदिता नावाची दोन मोठी विद्यापीठं होती तिथे, त्यांच्या प्रमुखाला गाओन म्हणायचे. साधारण आठव्या ते अकराव्या शतकात स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त असे लांबलांबचे ज्यू समाज आपले प्रश्न व्यापाऱ्यांच्या हाती तिकडे पाठवायचे, सोबत विद्यापीठाला देणगी. वर्षातून दोनदा, अदार आणि एलुल या महिन्यांत, सगळे विद्वान जमायचे, तेव्हा आलेले प्रश्न मोठ्याने वाचले जायचे, वाद व्हायचे, शेवटी गाओन निकाल सांगायचा आणि लेखक तो उतरवून घ्यायचा. मग ते पत्र परत उंटावरून, जहाजावरून, कैरोजवळच्या फुस्तातमार्गे. स्पेनमधल्या माणसाला उत्तर मिळेपर्यंत त्या कोंबडीचं जाऊ द्या, कोंबडीवाल्याचं काय झालं असेल कुणास ठाऊक. त्यामुळे तिथे तातडीचे प्रश्न कमी आणि मोठे प्रश्न जास्त. इ.स. ९८७ मध्ये ट्युनिशियातल्या कैरुआनच्या लोकांनी विचारलं की मिश्ना आणि तालमूद (ज्यू धर्मकायद्याचा जुना ग्रंथ आणि त्यावरची मोठी चर्चा) नेमके कसे तयार झाले, कुणी लिहिले, त्यावर शेरिरा गाओनने जे पत्र पाठवलं तेच आज त्या काळाच्या इतिहासाचं मुख्य साधन आहे. ज्यू प्रार्थनेचा क्रम लावलेलं पहिलं पुस्तक म्हणतात तेही असंच, नवव्या शतकात स्पेनहून आलेल्या विचारणेला अमराम गाओनने दिलेलं उत्तर. उत्तर द्यायला बसले आणि पुस्तक झालं.

वाटेत फुस्तातला या पत्रांच्या नकला काढून ठेवायचे. तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, जुने कागद टाकायची एक खोली होती, कारण देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही असा नियम, आणि त्या खोलीत शेकडो वर्षांची रद्दी साचली, पत्रं, हिशेब, करार, सगळं. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर तिथे जाऊन त्यातली बरीचशी केंब्रिजला घेऊन गेले. त्यामुळे आज आपल्याला बाराव्या शतकातल्या मायमोनिडीजच्या, म्हणजे रामबामच्या, हातची उत्तरं बघता येतात. आणि ती बघून मला फार बरं वाटलं, कारण एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण कागद वाचवायला प्रश्नाच्याच कागदावर खाली उरलेल्या जागेत घाईघाईत दोन-चार ओळी खरडलेल्या आणि शेवटी "मोशेने लिहिलं" एवढीच सही. घाई का, तेही त्याने दुसऱ्या एका पत्रात सांगितलंय. तो राहायचा फुस्तातला, रोज कैरोला सुलतानाच्या दरबारात वैद्य म्हणून जायचा, दुपारनंतर उपाशी घरी यायचा तर बाहेरची खोली रोग्यांनी भरलेली, त्यांची माफी मागून चार घास खायचा आणि मग रात्रीपर्यंत त्यांना तपासायचा, शेवटी इतका थकायचा की पडल्यापडल्या बोलायचा. त्याचा धाकटा भाऊ दावीद भारताकडे व्यापाराला निघालेला असताना हिंदी महासागरात बुडाला होता, घराचा सगळा भार याच्यावर आलेला. आणि वर हे प्रश्न.

रामबामचं माझं सगळ्यात आवडतं उत्तर ओबाद्या नावाच्या माणसाला आहे. ओबाद्या धर्मांतर करून ज्यू झालेला. प्रार्थनेत "आमच्या बापजाद्यांच्या देवा" असं म्हणायचं असतं, आता याचे बापजादे कुठे ज्यू होते, मग याने खोटं बोलायचं का देवासमोर? कायद्याच्या जुन्या मजकुरात असं म्हणू नये अशी बाजूही आहे. रामबाम म्हणतो तू सगळं जसंच्या तसं म्हण, एक अक्षर बदलू नकोस, अब्राहामने लोकांना देवाच्या वाटेवर आणलं म्हणून जो कुणी त्या वाटेवर येतो त्याचा बाप अब्राहामच, तुझ्यात आणि आमच्यात काहीही फरक नाही. याच ओबाद्याला त्याच्या गुरूने एका वादात मूर्ख म्हटलं होतं (मुसलमान मूर्तिपूजक नाहीत असं ओबाद्याचं म्हणणं होतं). तर रामबामने ओबाद्याची बाजू बरोबर ठरवली आणि त्या गुरूलाच झापलं, त्याने तुझी माफी मागावी, उपास करावा, देवाकडे क्षमा मागावी. हे वाचताना कळतं की प्रश्न व्याकरणाचा नव्हता, माणूस दुखावलेला होता आणि उत्तर देणाऱ्याला ते दिसलं होतं.

आता मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. ही उत्तरं एका माणसाला दिलेली असतात. संसदेने केलेला कायदा नाही हा, पोपसारखा एक सर्वोच्च अधिकारीही नाही, प्रश्न विचारलाच नाही तर उत्तरही नाही. पण ते एका माणसाचं पत्र नंतर कुणीतरी जमवतं, छापतं, त्यातली नावं काढून टाकतं, म्हणजे खरा माणूस जाऊन त्याच्या जागी रऊबेन आणि शिमोन येतात, बाई असेल तर राहेल नाहीतर लेआ, आपल्याकडे गणितात राम आणि श्याम असतात तसे, आणि मग तीनशे वर्षांनी तिसऱ्याच देशातला कुणी रब्बी ते समोर ठेवून चौथ्याच माणसाचा निकाल लावतो. एकासाठी लिहिलेलं सगळ्यांचं होतं. यात फायदाही प्रचंड आणि घोळही प्रचंड.

म्हणूनच बहुतेक कारणं द्यावीच लागतात. फुटकळ प्रश्नाला दोन ओळींत उत्तर मिळतं, पण भारी प्रश्नाच्या पत्रात आधी विचारणाऱ्याची भरपूर स्तुती (काही काही ठिकाणी ती इतकी लांब असते की प्रश्न कधी येतो याची वाट बघावी लागते), मग प्रश्न, मग तालमूदमधले संदर्भ, मग जुने कोण काय म्हणाले, त्यांच्यात विरोध कुठे, तो कसा सोडवायचा, मग "मला असं दिसतं" आणि सगळ्यात शेवटी निकाल. कधीकधी तर शेवटी "यावर अजून विचार व्हायला हवा" असं लिहून मोकळे. दुसऱ्याला ते पटलं नाही तर तो तितक्याच जोरात उलट लिहिणार. मात्र एक नियम आहे, एका विद्वानाने नाही म्हटलं की त्याच गोष्टीसाठी गुपचूप दुसऱ्याकडे जाऊन हो म्हणवून घ्यायचं नाही. लोक करतातच म्हणा, माणसं सगळीकडे सारखीच.

प्राग शहराच्या येहेझकेल लांडाऊंचं (१७१३–१७९३) एक उत्तर या दृष्टीने बघण्यासारखं आहे. लंडनहून प्रश्न आला होता. एका माणसाचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं आणि तो गेला, डॉक्टरांना प्रेत उघडून बघायचंय की चुकलं कुठे, म्हणजे पुढच्या रोग्याला वाचवता येईल. ज्यू कायद्यात प्रेताची विटंबना मना, पण जीव वाचवायला जवळजवळ काहीही चालतं. मग? लांडाऊ म्हणाले रोगी आत्ता समोर असेल तर उघडा, पण कधीतरी कुणीतरी येईल म्हणून नाही. आणि कारण काय दिलं बघा, कधीतरी येणाऱ्या रोग्यासाठी नियम मोडायला लागलो तर शब्बाथच्या दिवशी, म्हणजे काम मना असलेल्या शनिवारी, औषधं कुटणं, हत्यारं तयार करणं सगळंच चालायला हवं, कारण आज रात्री कुणी आजारी पडणारच नाही असं कोण सांगणार. लॉजिक बिनतोड आहे. मला निकाल पटत नाही, पण लॉजिक बिनतोड आहे. आणि "रोगी समोर हवा" हे दोन-तीन शब्द पुढे इस्रायलमधल्या शवविच्छेदनाच्या भांडणापासून अवयवदानापर्यंत सगळीकडे फिरत राहिले.

पण या सगळ्या साहित्याचा कस लागतो तो अगुनाच्या प्रश्नात. अगुना म्हणजे अडकलेली बाई. नवरा बेपत्ता आहे, मेल्याचा पुरावा नाही, घटस्फोटाचं पत्र त्याने स्वतःच्या हाताने द्यायला लागतं आणि तो तर नाहीये, म्हणजे ही ना सधवा ना विधवा, दुसरं लग्न करता येत नाही. वर्षानुवर्षं. आणि रब्बीने चुकून परवानगी दिली, तिने लग्न केलं, मुलं झाली आणि पहिला नवरा दारात येऊन उभा राहिला तर? तर मिश्नाचा नियम भयंकर आहे, तिला दोघांनाही सोडावं लागतं आणि दुसऱ्यापासून झालेलं मूल मामझेर ठरतं, म्हणजे त्याला साध्या ज्यू माणसाशी लग्नच करता येत नाही, आणि हे त्याच्या पुढच्या पिढ्यांनाही लागू. एवढी मोठी तलवार डोक्यावर असताना उत्तर लिहायचं. म्हणून अशा पत्रांच्या शेवटी बऱ्याचदा असतं की अजून दोन मोठे रब्बी सहमत असतील तरच माझं हे उत्तर धरा, एकट्याच्या खांद्यावर नको.

तरीही कायद्याने इथे मुद्दाम ढील दिलीये. एरवी दोन साक्षीदार लागतात, इथे एक पुरतो. एरवी बाईची साक्ष चालत नाही, इथे चालते. परधर्मीय माणूस सहज बोलता बोलता म्हणाला, अरे तो अमका वाटेत मेला, मी पुरला त्याला, तर तेही चालतं, अट एवढीच की त्याला साक्ष म्हणून विचारलेलं नसावं. या एका अटीवरून सराईतल्या, जहाजावरच्या, बाजारातल्या किती गप्पा या पत्रांत शब्दशः उतरल्यात! कुणी काय म्हणालं, कुठे बसून म्हणालं, दारू प्यायला होता का, सगळं. दुसऱ्या कुठल्या कागदात एवढी साधी माणसं बोलताना सापडणार?

पाण्याचा नियम तर वेगळाच. तळ्यात माणूस बुडाला आणि चारी काठ दिसतायत, बराच वेळ थांबून बघितलं, कुणी वर आलं नाही, तर मेला. पण समुद्र, मोठी नदी, म्हणजे ज्याचा काठ दिसत नाही असं पाणी, तिथे बायकोला परवानगी नाही, कारण तो दूर कुठेतरी बाहेर पडला असेल. दोन हजार वर्षांपूर्वीचा विचार म्हणून ठीक आहे. आता बघा, जानेवारी १९६८ मध्ये इस्रायलची दाकार ही पाणबुडी इंग्लंडहून हैफाला येताना भूमध्य समुद्रात गायब झाली, ६९ माणसं आत. सापडली थेट १९९९ मध्ये, तळाशी. मधली एकतीस वर्षं त्या बायकांनी काय करायचं? पाणी तर काठ नसलेलंच. तेव्हा लष्कराचे मुख्य रब्बी होते श्लोमो गोरेन, त्यांनी त्या बायकांना मोकळं करणारा निकाल दिला. उघड्या समुद्रात पोहणाऱ्या माणसाचा नियम बंद लोखंडी डब्यात खोल गेलेल्या माणसाला कसा लावायचा, हा तिथला कळीचा मुद्दा. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे टॉवर पडले तेव्हाही तिथल्या रब्बी न्यायालयापुढे हेच आलं. कोण किती मजल्यावर होता, शेवटचा फोन किती वाजता आला, डीएनए जुळला का, दातांचा एक्स-रे जुळला का. मिश्नात ओळख पटवायला चेहरा हवा, नाकासकट, असं म्हटलंय. तिथून डीएनएपर्यंतची वाट याच पत्रांनी एकेक पाऊल टाकत केलीये.

बायकोला अडवून धरणारा जिवंत नवरा हा प्रश्न मात्र अजूनही सुटलेला नाही, आणि तिथे मला रब्बींचा राग येतो. बेपत्ता माणसासाठी एवढी अक्कल लढवली, समोर बसलेल्या आडमुठ्यासाठी का नाही? उत्तरं आहेत त्यांच्याकडे, मला ती पुरत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तरांबद्दल लिहू की नको असं झालं होतं, पण ती सोडून हा विषय पुरा होत नाही. लिथुआनियातल्या कोव्हनो शहरातल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, एफ्राइम ओशरी नावाचे तरुण रब्बी होते. जर्मनांनी त्यांना लुटलेल्या ज्यू पुस्तकांच्या गोदामावर बसवलं होतं, त्यामुळे संदर्भ बघायला पुस्तकं तरी होती. लोक येऊन प्रश्न विचारायचे, ते सिमेंटच्या पिशव्यांच्या फाटक्या कागदांवर थोडक्यात टिपून ठेवायचे, डब्यांत भरून जमिनीत पुरायचे. युद्ध संपल्यावर ते डबे उकरून काढले आणि पुढे त्याचे पाच खंड निघाले. रोज सकाळी एक आशीर्वाद म्हणायचा असतो, देवा तू मला गुलाम केलं नाहीस. घेट्टोत वेठबिगारी करणाऱ्या माणसाने हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? ओशरींचं उत्तर, म्हणायचं, कारण हा आशीर्वाद अंगमेहनतीबद्दल नाहीच, तो आत्म्याच्या स्वातंत्र्याबद्दल आहे आणि ते स्वातंत्र्य जर्मन काढून घेऊ शकत नाहीत. मारल्या गेलेल्यांचे कपडे वापरावेत का, जीव वाचवायला बाप्तिस्म्याचा दाखला विकत घ्यावा का (यावर ते नाही म्हणाले), असे प्रश्न. मला थक्क करतं ते हे की लोक विचारत होते. उद्या जगू की नाही माहीत नाही आणि हा विचारतोय की नियम काय आहे.

आणि एक उत्तर असं आहे जे दिलंच गेलं नाही. १९४४ चा रोश हशाना, ज्यू नववर्ष, ऑशवित्झची नाझी छळछावणी. मुलांना वेगळं काढून कोंडलं होतं, पहारेकरी लाच घेऊन एखाद्याला सोडत होते, पण मोजणी जुळायला हवी म्हणून त्याच्या जागी दुसरा पकडून घालत होते. एका बापाने झ्वी हिर्श मेझेल्स या रब्बींना विचारलं, माझा एकुलता एक आहे, सोडवू का? रब्बी म्हणाले माझ्याकडे पुस्तकं नाहीत, दुसरे रब्बी नाहीत विचारायला, मला विचारू नकोस. बाप हटला नाही, रब्बी रडत विनवत राहिले. शेवटी बाप म्हणाला, चाललं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात, म्हणजे चालत नाही, मला उत्तर मिळालं. मेझेल्स वाचले आणि त्यांनीच हे नंतर लिहून ठेवलं. याच्यावर मी काही बोलणार नाही.

आता ते मघाचं, एकाचं उत्तर सगळ्यांचं होतं त्याची दोन टोकं. सोळाव्या शतकात कैरोत दावीद इब्न झिम्रा नावाचे रब्बी होते, लहानपणी १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्यांतले. त्यांच्याकडे एक केस आली. इथिओपियातून युद्धात पकडून आणलेली एक ज्यू बाई, एका ज्यू माणसाने विकत घेतलेली, तिला त्याच्यापासून मुलगा झालेला, आता त्या मुलाचं लग्न होऊ शकतं का? उत्तर देताना इब्न झिम्रा म्हणाले की तिकडचे हे लोक दान वंशातले, म्हणजे ज्यूच आहेत (त्यांच्या घटस्फोटाच्या रीतीबद्दल शंका आहेत हेही म्हणाले). एक बाई, एक मुलगा. १९७३ मध्ये इस्रायलचे सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या परंपरेतल्या ज्यूंचे) मुख्य रब्बी ओवाद्या योसेफ यांनी, बाकीच्या आधारांबरोबर, हेच पत्र पुढे धरून इथिओपियाच्या ज्यूंना ज्यू म्हणून मान्यता दिली, १९७५ मध्ये सरकारने परतीचा कायदा (ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहायचा हक्क देणारा) त्यांना लागू केला, आणि १९९१ मध्ये दीड दिवसात चौदा हजारांवर माणसं विमानांनी आणली. चारशे वर्षांपूर्वीची ती बाई कोण होती, तिचं नाव काय, काहीच उरलेलं नाही. पुढे तरी रब्बी कार्यालयाने या लोकांकडून धर्मांतराचा विधी मागितलाच, १९८५ मध्ये त्याविरुद्ध धरणंही झालं, ते वेगळं.

दुसरं टोक आपल्या जवळचं. बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, मराठी बोलणारे, १९४८ नंतर हजारोंनी इस्रायलला गेलेले. तिथे लग्नाची नोंद करायला गेले तर काही रब्बी म्हणाले थांबा. शंका काय, तर शेकडो वर्षं हे बाकीच्या ज्यूंपासून तुटलेले, मधल्या काळात घटस्फोट नीट कायद्याने झाले असतील का, नसतील तर कुणीतरी मामझेर निघेल. म्हणजे इब्न झिम्रांच्याच जातीची शंका. १९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य रब्बी मंडळाने निकाल दिला की लग्न चालतं. झालं, मिटलं असं वाटेपर्यंत १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या काळातच नोंदणी करणाऱ्यांना सूचना गेल्या की बेने इस्राएलपैकी कुणी आलं तर आई, आईची आई, शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासा. जो प्रश्न जोडप्यागणिक विचारायचा तो एका अख्ख्या जमातीच्या नावाने छापला. लोक भडकले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, ऑगस्टमध्ये क्नेसेटची, म्हणजे इस्रायलच्या संसदेची, खास बैठक झाली, सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि मग त्या सूचनांतून जमातीचं नाव काढलं गेलं. मला यात रब्बींचा कायदेशीर मुद्दा कळतो, तो नवा नव्हता. पण ओबाद्याला लिहिताना रामबामला समोर माणूस दिसत होता, इथे समोर फक्त फॉर्म होता.

न्यूयॉर्कचे मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) याच्या अगदी उलट. लोअर ईस्ट साइडला राहायचे आणि फोन स्वतः उचलायचे, जगभरातून लोक विचारायचे. त्यांचं दुधाचं उत्तर फेमस आहे. नियम असा की दूध काढताना ज्यू माणूस बघायला हवा, नाहीतर परधर्मीय गवळी चालत नसलेल्या जनावराचं दूध मिसळेल. अमेरिकेत डेअरीत कोण जाऊन बसणार? ते म्हणाले सरकारी तपासणी आहे, भेसळ केली तर दंड आहे, कंपनी धंदा बुडवून घेणार नाही, म्हणजे दूध शुद्ध आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे आणि पक्कं माहीत असणं हे बघितल्यासारखंच. लाखो घरांचा प्रश्न सुटला. आणि शेवटी हळूच, ज्याला जमेल त्याने कडक नियमच पाळलेला बरा. म्हणजे एकाच उत्तरात दोन प्रकारच्या माणसांना दोन उत्तरं.

१९६३ मध्ये इस्रायलमध्ये अविएझरी फ्रेंकेल यांनी ही सगळी पत्रं कॉम्प्युटरमध्ये भरायचा प्रोजेक्ट सुरू केला, नंतर तो बार-इलान विद्यापीठात गेला. तेव्हा मजकूर सर्च करणं ही कल्पनाच नवी, त्यात हिब्रू शब्दाला पुढे-मागे इतकं काही चिकटतं की साधा सर्च चालतच नाही. आज त्यात लाखाच्या वर उत्तरं आहेत आणि २००७ मध्ये त्याला इस्रायल पुरस्कार मिळाला. पूर्वी रब्बीची किंमत त्याच्या आठवणीत होती, आता संदर्भ कुणालाही सापडतात, कुठला संदर्भ या माणसाला लागू आहे एवढंच कळायचं राहतं.

आणि इस्रायलमध्ये आता एसेमेसवर शूत चालतं. प्रश्न एक ओळ, उत्तर एक शब्द, चालेल किंवा चालणार नाही, फार तर "चालेल, पण टाळलेलं बरं". मी असली पुष्कळ वाचलीत आणि माझी तक्रार आहे की यात मजाच नाही, कारण मांजर नाही. कोंबडी कुणी कापली, पोरगी काय म्हणाली, काहीच नाही. तीनशे वर्षांनी हे वाचून कुणाला काय कळणार? पण विचारणारा आत्ता स्वयंपाकघरात उभा आहे, दुधाचा चमचा मटणाच्या भांड्यात पडलाय (ही दोन एकत्र चालत नाहीत) आणि पाहुणे यायचेत, त्याला तीनशे वर्षांनंतरच्या वाचकाचं काय पडलंय. वेबसाइटवर प्रश्नोत्तरं देणारे बरेच रब्बी मात्र खाली एक ओळ टाकतात, हे फक्त माहितीसाठी, प्रत्यक्ष काय करायचं ते तुमच्या गावच्या रब्बीला जाऊन विचारा.